ॲक्सिलरेटर उजव्या हाताला

कोरेगाव,
१० नोव्हेंबर २०२४

जयराज,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. साताऱ्याच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलंय, रोज एक पान डाव्या हाताने लिहायचं. काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाल्या, काहीही लिहा, पत्रं लिहा. फौजेत होतो तेव्हा फोन होता, एकही पत्र लिहिलं नाही. आता घरात बसून लिहितोय. अक्षर पहिलीतल्या मुलाचं आहे, समजून घे. आणि उत्तर कागदावरच पाठव. फोनवर उरकलंस तर मला पुढचं पान लिहायला कारण उरणार नाही.

तुझे आबा परवा आले. दरवर्षीसारखी मेंढरं आमच्या खालच्या रानात बसवली. आपण लहान असताना तू मेंढरांभोवतीच्या वाघरीच्या जाळीला टेकून झोपायचास, तीच जागा. आईने भाकरी दिल्या. आबांनी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "दुकतंय का रं?" मी म्हटलं, न्हाई. "मग?" म्हणाले.  दुखत नाही हेच तर आहे. फौजेचा ट्रक दरीत गेला त्या दिवसापासून खांद्याखाली काहीच नाही. दुसऱ्या कुणाचा तरी हात माझ्याकडे ठेवायला दिल्यासारखा वाटतो. मी त्याला आंघोळ घालतो, शर्टात घालतो.

आता कामाचं. कंपनीची घोषणा वाचलीस का? आपल्या ट्रकच्या खेळाचा, 'कॉन्व्हॉय नाईन'चा दुसरा भाग जानेवारीत येतोय आणि या वेळी तो फक्त कॉम्प्युटरसाठी नाही. टीव्हीला जोडायच्या सगळ्या कन्सोलवर एकाच वेळी येणार. जुन्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्चला बंद. आपल्या ताफ्यातले जुने ड्रायव्हर चिडलेत. म्हणतात, सगळ्यांसाठी म्हणून केलेला खेळ शेवटी कुणाचाच राहत नाही. अक्षरं मोठी होणार, रस्ते सोपे होणार, स्वतःचा घाट तयार करायची सोय जाणार. असेल तसं. मला त्यातलं फारसं काही वाटत नाही.

मला एवढंच बघायचंय की बटणं बदलता येतील का. तू माझ्या डाव्या हाताला सगळं आणून दिलंस. स्टिअरिंग, गिअर, ब्रेक, दिवे. बनुमावशीच्या शिलाई मशीनच्या पायडलला तारा जोडून त्याचा ॲक्सिलरेटर केलास. त्याच्यावर मी रविवारी सगळ्या ट्रकांच्या पुढे असतो. ते मला उस्ताद म्हणतात आणि त्यांच्यातल्या कुणालाही माझा हात माहीत नाही. आठवड्यात तेवढाच वेळ मी कुठेतरी निघालेला असतो.

खेळातल्या रेडिओवर फक्त रस्त्याचं बोलायचं हा ताफ्याचा नियम, म्हणून हे इथे लिहिलं. मी खुशाल आहे. तुझी खुशाली कळव.

दिग्विजय


सांगली,
१९ नोव्हेंबर २०२४

उस्ताद,

पत्र पोचलं. पोस्टमन माझ्या गेमिंग पार्लरच्या दारात उभा राहून "जयराज कोण?" म्हणून ओरडला, तेव्हा खेळायला आलेल्या पोरांनी कोर्टाची नोटीस आली म्हणून माना वर केल्या. लिहायला कागद शोधला तर माझ्याकडे एक सापडेल तर शपथ. शेजारच्या हळदीच्या अडतीतून मागून आणला. पानाला वास येत असेल तर तो हळदीचा आहे, माझा नाही.

आता तुझ्या मुद्द्यावर येतो आणि शिव्या खायची तयारी ठेवतो. मीही तेच करतोय जे कंपनी करतेय. निम्मे कॉम्प्युटर विकायला काढलेत. विलिंग्डन कॉलेजकडची पोरं येतात ती म्हणतात, दादा, मोठा टीव्ही नाही का, सोफा नाही का, चौघांनी मिळून फुटबॉल खेळायचाय. खुर्चीत ताठ बसून कीबोर्ड बडवणारे आपल्यासारखे म्हातारे आता आठवड्याला मूठभर. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. आबांना फोन केला. ते पुसेगावच्या पुढे कुठेतरी होते. म्हणाले, "जितं गवात, तितं मेंढरू. रान वाळलं म्हून रानाला शिव्या दिल्या तर मेंढराचं प्वाट भरतं व्हय?" झालं, माझं दुकान ठरलं.

तुम्ही रानवाले एका बांधावर जन्म काढता, म्हणून तुम्हाला प्रत्येक बदल म्हणजे कुणीतरी बांध कोरल्यासारखा वाटतो. आम्ही वाटेवरची माणसं. तरी गंमत बघ, ज्याचे बापआजे पायांवर जगले त्या जयराजला भरतीत सपाट तळव्यांसाठी घरी पाठवलं, आणि तुला घेतलं. तेव्हा मी तुझ्यावर महिनाभर जळत होतो. आता कुणावर जळू?

बटणांची काळजी करू नकोस. एवढी मोठी कंपनी, एवढी अक्कल तर असेलच. नसली तर मी आहे आणि आईचं पायडल आहे. ती अजून विचारते, माझ्या मशीनचा पाय कुठं गेला.

हाताचं सांग. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे कधी जाणार? आईने आरेवाडीच्या बिरोबाला बोलून ठेवलंय, दिग्विजयची बोटं हलली की पोतंभर भंडारा उधळीन. आपण हळदपेठेत राहतो, देवाला माहीत आहे, त्यामुळे मागे हटता येणार नाही.

जयराज


कोरेगाव,
२८ डिसेंबर २०२४

जयराज,

तुझ्या पत्राला उशिरा उत्तर देतोय. घेवड्याची मळणी होती. मी काही करत नाही, पण खळ्यावर बसून राहावं लागतं.

आबांचं म्हणणं खरं आहे. पण आबा आमच्या रानात येतात तेव्हा वाघर कुठे लावायची ते आईला विचारून लावतात. कारण रान आमचं. आपल्या कॉम्प्युटरवर वाघर आपण लावतो. कुठलं बटण कुठे, कुठलं पायडल कशाला, कुणाला विचारावं लागत नाही. कन्सोल म्हणजे दुसऱ्याचं रान. तिथे मालक सांगेल तिथेच बसायचं. तुझ्या पोरांना ते चालतं, कारण त्यांना दोन हात आहेत. हे मी चिडून लिहीत नाही. वाचताना तसं वाटलं तर अक्षराचा दोष आहे.

कंपनीला मी इंग्रजीत लिहिलं होतं की एका हाताने चालवणाऱ्यांचं काय. उत्तर आलं की तुमच्या उत्साहाबद्दल आभार. मी पत्र पुन्हा वाचून बघितलं, त्यात उत्साह कुठेच नव्हता.

पुण्याला आईबरोबर जाऊन आलो. डॉक्टर समाधानी आहेत. बोटं हलतात. बनुमावशीला सांग.

मी खुशाल आहे.

दिग्विजय


सांगली,
९ जानेवारी २०२५

उस्ताद! उस्ताद!

बोटं हलतात हे तू घेवड्याच्या मळणीनंतर आणि कंपनीच्या आभारांनंतर लिहितोस? अरे, हे पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहायचं असतं! मी पत्र आईला वाचून दाखवलं तर ती चुलीवरचं दूध तसंच सोडून उठली. परवा आम्ही आरेवाडीला जाऊन आलो. बोलल्याप्रमाणे भंडारा उधळला. माझे कान अजून पिवळे आहेत. आई देवळाच्या पायरीवर बसून रडली. मला म्हणाली, "मंगलबाईचं प्वार पुन्ना जेवनार बग उजव्या हातानं."

ऐक आता. पार्लरसाठी कन्सोल आले, त्यातला एक तुझा आहे. नाही म्हणायचं नाही, हे नवसाचं समज. आमच्या गल्लीतला धनाजी टेंपो घेऊन कोरेगावला आलं आणायला येतो, त्याच्याकडे देतोय. नवा खेळ आत घालून ठेवलाय, टीव्हीला जोड आणि चालू कर. कंट्रोलर दोन्ही हातांत धरायचा आणि दाबत राहायचं. खेळाचा खेळ आणि उजव्या हाताचा व्यायाम. मॅडमना विचार, याच्याइतकं चांगलं औषध त्यांच्याकडेही नसेल. तुझ्या बांधाची, मालकीची, सगळी भाषणं मी माफ केलीत. बोटं हलायला लागल्यावर माणसाने भाषण करू नये, गाडी काढावी.

आज मी फार खूश आहे. हे असं पत्रात लिहितात का ते मला माहीत नाही, पण लिहिलं.

जयराज


कोरेगाव,
२० जानेवारी २०२५

जयराज,

खोकं मिळालं. धनाजीने जपून आणलं. आईने त्याला जेवायला घातलं.

आभारी आहे. मी खुशाल आहे.

दिग्विजय


सांगली,
१२ फेब्रुवारी २०२५

दिग्विजयराव यांस,

राव म्हटलं, कारण तुम्ही मोठे झालात. फोन उचलत नाही. रविवारी येत नाही. नव्या खेळात तर तुझं नावच दिसलं नाही, आणि जुन्याही रस्त्यावर तू नाहीस. ताफ्याच्या पुढे आता नाशिकचा तो पोरगा असतो, ज्याला उतारावर गिअर कुठला ठेवायचा ते माहीत नाही. सगळे विचारतात, उस्ताद कुठे. मी काय सांगू? उस्ताद रुसलेत?

आणि काल बघतो तर तू चर्चेच्या पानावर लिहिलंयस, "नवा खेळ चालवता येत नाही." एवढं एकच वाक्य. चालवता येत नाही म्हणजे काय? अरे, माझ्या पार्लरमधली आठवीतली पोरं चालवतात! तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांचा हा माज मला कळत नाही. कंट्रोलरला हात लावला की जात जाते का तुमची? मी एवढ्या प्रेमाने खोकं पाठवलं, तर एका ओळीत पोच. नाचता येईना, अंगण वाकडं, दुसरं काय.

बोल काहीतरी. शिव्या दे. पण असा गप्प बसू नकोस.

जयराज


कोरेगाव,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. जयराज यास मंगलकाकूचा आशीर्वाद.

मी लिवतीय ते दिग्विजयला ठाऊक न्हाई. तुझं पत्र आलं, त्येनं वाचलं आन् टेबलावर उगडंच ठिवलं. दुसऱ्याचं पत्र वाचायची सवय मला न्हाई. पर त्यो दिसभर जेवला न्हाई म्हून मी वाचलं.

बाळा, त्येची बोटं हलत न्हाईत. पुण्याच्या डॉक्टरनी सांगितलं, आता जेवडं हाय तेवडंच. मी संगंच हुते. परतीला यष्टीनं साताऱ्यापर्यंत आलो. स्टँडावर उतरल्यावर म्हनला, आई, मेथी घ्यायची का? मी म्हनले, घिऊ. मग आमी मेथी घिऊन घरी आलो. त्यावर घरात पुन्ना बोलनं झालं न्हाई.

तुझी चूक न्हाई. त्येनं खुशाल लिवलं, तू खुशाल धरलंस. पर फौजंतल्या मानसाचं खुशाल खरं धरायचं नसतं. ह्येचे वडील नानासो हुते तवा त्येंचं पत्र यायचं, पयल्या ओळीत खुशाल आन् शेवटच्या ओळीत खुशाल. एका साली आसंच खुशाल लिवलं आन् सुट्टीवर आले तवा काठी टेकत यष्टीतनं उतरले. पाय मोडून दवाखान्यात पडल्या पडल्या लिवलेलं. तवापास्नं मी खुशाल सोडून बाकीचं पत्र वाचते. कशाबद्दल लिवलंय आन् कशाबद्दल लिवायचं टाळलंय, त्ये बगते. तुला कोन शिकवनार? तुझ्या घरात फौजंचं पत्र कवा आलं न्हाई.

तू पाठवलेलं खोकं टीव्हीखाली हाय. धूळ बसू नये म्हून मी फडकं टाकलंय. बनुबाईला भंडाऱ्याचं काय सांगायचं त्ये तुझं तू बग. देवाला वाहिलेलं परत मागू नगंस.

तुझी काकू


सांगली,
३ मार्च २०२५

दिग्या,

काकूंनी मला लिहिलं. त्यांच्यावर रागावू नकोस.

अंगण वाकडंच होतं रे. आणि मी तुला नाच म्हणत होतो. मला लाज वाटते. पत्र वाचून मी पार्लरच्या मागे जाऊन रडलो, हेही सांगून टाकतो, कारण तू काहीच सांगत नाहीस तेव्हा निदान एकाने तरी सांगावं. आईला अजून बोललो नाही. ती रोज देवाला नमस्कार करताना तुझं नाव घेते, आता बरं झालं म्हणून. मी बाजूला उभा राहून ऐकतो.

आपण इतकी वर्षं ओळखतो. तुमच्या रानात मेंढरं नसती आली तर मला ज्वारीच्या भाकरीबरोबर लोणी खातात हेही कळलं नसतं. आणि तू मला खोटं लिहिलंस. मी रागावलेलो नाही. होतो, दोन दिवस.

एकच विचारतो. खेळून बघितलास का? नक्की कुठे अडतं? सगळं लिही. खुशाल तेवढं लिहू नकोस.

जयराज


कोरेगाव,
१७ मार्च २०२५

जयराज,

खुशाल लिहीत नाही.

खोटं का लिहिलं विचारशील. मोठं कारण नाही. डाव्या हाताने लिहिताना 'हलत नाहीत' पेक्षा 'हलतात' लवकर लिहून होतं. लिहून झाल्यावर बघितलं, बरं दिसत होतं. मग तसंच ठेवलं. बनुमावशी खरंच जाईल असं वाटलं नव्हतं. तिला सांगताना म्हण, मी माफी मागितली आहे.

खेळून बघितला. कॉम्प्युटरवर घेतला तर कीबोर्ड फक्त सुरुवातीच्या पानांपुरता चालतो. ट्रकमध्ये बसलं की पडद्यावर येतं, कंट्रोलर जोडा. आपलं पायडल त्याला दिसतच नाही. मग तू पाठवलेला कन्सोल लावला. कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याला स्टिअरिंग आहे. डाव्या बोटाला ब्रेक. ॲक्सिलरेटर उजव्या हाताला. बदलायची सोय ठेवलेली नाही. म्हणजे मला वळता येतं आणि थांबता येतं. निघता येत नाही.

टेबलावर ठेवून डाव्या हाताने दोन्हीकडे पळून बघितलं. ॲक्सिलरेटरला गेलो की स्टिअरिंग सुटतं. सपाटीला चालून जातं, घाटात नाही, आणि त्या खेळात सपाटी नाही. तुला वाटेल मी कंपनीवर चिडलोय. ताफ्यातले चिडलेत, रोज लिहितात. मी त्यांचं वाचतो. पण कंपनीने हे मला बघून केलेलं नाही. त्यांनी जास्तीत जास्त माणसांना बघून केलं, तूही तेच केलंस, त्यात चूक काय. राग कुणावर धरावा असं कुणी सापडत नाही. मी शोधलं.

आईने एकदा मदत केली. मी म्हटलं, मी सांगेन तेव्हा हे दाब. तिने दाबलं ते दाबूनच धरलं. ट्रक पहिल्या वळणाला कठडा तोडून खाली गेला. ती ओरडली नाही, फक्त हात काढून घेतला. मग म्हणाली, "आसंच झालं हुतं का रं?" मी म्हटलं, साधारण असंच. तिला ते दाखवायला नको होतं. त्यानंतर फडकं पुन्हा टाकलं.

३१ तारखेपर्यंत जुना रस्ता आहे. येत्या रविवारी येईन.

दिग्विजय


सांगली,
२२ मार्च २०२५

दिग्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. काकूंच्या पद्धतीने, लिहिलेलं आणि न लिहिलेलं.

आईला सांगितलं. तिने देवापुढचा दिवा सारखा केला. मग म्हणाली, "देवानं आयकलं न्हाई आसं कशाला म्हनायचं? आजून ऐकाया यळ हाय त्येला." आणि तिच्या मशीनचं पायडल कुठे आहे ते तिला कळलंय. म्हणाली, असू दे तिकडंच.

एका हाताने चालवायची वेगळी यंत्रं मिळतात असं मी वाचलं. चौकशी करतोय. बाहेरून मागवावं लागतं आणि या खेळाला चालेल का ते कुणी धड सांगत नाही. ते येईल तेव्हा येईल. तोवर दुसरं सुचलंय.

तुमचा सर्जा बैल गेला तेव्हाचं काकू सांगायच्या. तुमच्याकडे एकच बैल उरला आणि शेजारच्या सुलाबाईंकडेही एकच. मग दोघींनी पैरा केला. त्यांचा एक, तुमचा एक, एक दिवस त्यांचं रान आणि एक दिवस तुमचं. बैल दोन घरचे होते म्हणून नांगरट अडली नाही.

काकूंना ॲक्सिलरेटर जमणार नाही, त्यांना दरी दिसते. मला जमेल, मी निगरगट्ट आहे. कंट्रोलर एकच. डावी बाजू तू धर, उजवी मी धरतो. आबा परतीला लागलेत, एप्रिल लागला की मेंढरं तुमच्या खालच्या रानात असतील. मी त्यांना भेटायला म्हणून येतो, पार्लर रविवारी पोरं बघतील. पैरा कसा फेडायचा ते नंतर ठरवू. मला पार्लरचे हिशेब करायला कुणीतरी हवंच आहे.

तुला तुझ्या उजव्या बाजूला कुणी बसलेलं चालत नाही, मला माहीत आहे. लग्नाच्या पंगतीतही तू भिंतीकडे उजवी बाजू करून बसतोस. पण ॲक्सिलरेटर तिकडेच आहे, मी काय करू. नको असेल तर लिही. उत्तर आलं नाही तर मी येतोय.

जयराज


कोरेगाव,
८ एप्रिल २०२५

जयराज,

हात तसाच आहे.

तू काल गेलास आणि आजचं पान बाकी होतं, म्हणून लिहितोय. ३१ तारखेचं रेडिओवर बोलता आलं नाही, नियम माझाच. शेवटच्या थांब्यावर सगळे ट्रक ओळीत लावले, तेव्हा कुणीतरी विचारलं, "उस्ताद, इंजिन बंद करायची का?" मी म्हटलं, करा. सगळ्यांनी केली. थोडा वेळ वाऱ्याचा आवाज येत होता, मग पडद्यावर कंपनीची पाटी आली. मला वाटलं होतं मला काहीतरी होईल. झालं नाही. उठून मी शेरडांना पाला टाकला.

आता परवाचं. तू ॲक्सिलरेटर उशिरा दाबतोस. चढ समोर दिसल्यावर दाबून उपयोग नाही, चढाच्या आधी दाबायचं असतं. आणि उतारावर तुझं बोट तसंच राहतं, मग मी ब्रेक मारतो आणि तू म्हणतोस, गाडी का ओढत नाही. दरीत किती वेळा गेलो ते आईने मोजलं असेल, मी मोजलं नाही. सुरुवातीला ती दर वेळी स्वयंपाकघरात जायची. दुपारनंतर जायची थांबली. शेवटी शेवटी तर तीच सांगत होती, "आरं, हळू, फुडं वळान हाय."

तू चहा प्यायला उठलास तेव्हा आबा दारात उभे होते. बराच वेळ बघत होते म्हणे. मला म्हणाले, "ह्यात नवं काय हाय? मेंढरं आशीच नेत्यात. एकानं फुडं ऱ्हाऊन वळवायचं, एकानं मागनं हाकायचं. एकटा गडी दोनी करू ग्येला तर कळप फुटतो." आणि मेंढरांकडे गेले.

नाशिकच्या पोराने रेडिओवर विचारलेलं तू ऐकलंस, उस्ताद, आज गाडी अशी का चालतेय. मी म्हटलं, माझा उजवा हात चालत नाही, दोघं मिळून चालवतोय. ते माझ्या तोंडून कसं निघालं ते मला माहीत नाही.  मग तो म्हणाला, पुढे डावीकडे दरड आहे, सांभाळून. सगळे रस्त्याचंच बोलत राहिले. मला ते बरं वाटलं.

आज सकाळी आई भांडी घासताना म्हणाली, "जयराज दिसभर तुज्या उजव्या हाताला खांदा लावून बसला हुता. भार झाला न्हाई का तुला?" मी म्हटलं, नाही. मला कळलंच नव्हतं. त्या बाजूला कुणी बसलेलं मला कळत नाही, म्हणूनच मी तिथे कुणाला बसू देत नाही. माणूस आहे की उठून गेला, हे मान वळवून बघावं लागतं.

परवा मी मान वळवली नाही. ट्रक पुढे जात होता, त्यावरून मला कळत होतं की तू आहेस.

दिग्विजय